सुगंधाचा अनामिक कारागीर

रावेरहून उत्तरेकडे पाहिले की केळीच्या बागांपलीकडे सातपुड्याची निळी रांग दिसते. केळीने या तालुक्याचे नाव सर्वदूर नेले. परंतु खानदेशच्या डोंगरउतारांवरील एका गवताने त्याआधीच समुद्र ओलांडला होता, हे आज किती जणांना ठाऊक असेल? ते गवत म्हणजे रोशा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने त्याच्या तेलाची दखल घेतली आहे. पिंपळनेर, नंदुरबार ही या धंद्याची ठाणी होती.

गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या पेटत. मोठ्या भांड्यात गवत व पाणी भरून तोंड लिंपायचे, वाफ बांबूच्या नळीने पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि तरंगणारे तेल अलगद काढून घ्यायचे. कृती सांगावयास सोपी. पण जाळ किंचित वाढला तर गवत तळाशी करपते आणि तेलास जळका दर्प येतो. शिवाय रोशाच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया, दिसावयास जवळजवळ सारख्या. मोतियाचे तेल मोलाचे, सोफियाचे हलके. हा निवाडा करणारे नाक हीच त्या भट्टीवाल्याची विद्या होय.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई व तेथे ‘तुर्की जिरेनियम’ म्हणून विकले जाई. पुढे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई. कारण गुलाबातील जिरॅनिऑल हे द्रव्यच या तेलात मुख्य, सुमारे ७५ ते ८५ टक्के असते. गंध खानदेशचा, नाव तुर्कस्थानचे आणि मोल गुलाबाचे!

पुढे १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी स्थापन झाली, आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापारात मराठी नाव रुजले. डोंगरातला भट्टीवाला मात्र अनामिकच राहिला. त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही.

हा केवळ गतकाळाचा हळवेपणा नव्हे. केळीला पाणी मुबलक लागते आणि रावेर परिसरातील भूजल खोल गेले आहे. रोशा हलक्या, उताराच्या जमिनीवर, पावसाच्या पाण्यावर तगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली आहे. परंतु गवताचा भारा विकून तो थांबणार असेल, तर या मालकीला अर्थ काय? भट्टी, तिची विद्या आणि तेलाची किंमत यांतही त्याचा वाटा हवा. ज्याच्या नाकाने सुगंध पारखला, त्याच्या घरी निदान त्याचे मोल तरी पोहोचावे.