ला निना आला म्हणून निफाडचा पारा उतरत नाही

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदा ला निना आहे, कित्येक वर्षांत पडली नाही अशी थंडी पडणार आणि धुकं हटायचं नाव घेणार नाही. दरवर्षी मजकूर तोच असतो, आणि दरवर्षी तो वाचून कोणी गरज नसताना फवारण्या वाढवतो, तर कोणी घाबरून व्यापाऱ्याशी पडत्या भावात सौदा करून मोकळा होतो. या गैरसमजाची किंमत बागेत मोजावी लागते. म्हणून तो एकदा नीट तपासायला हवा.

विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागरात मध्य आणि पूर्व भागातलं पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा निदान अर्ध्या अंशाने थंड झालं आणि काही महिने तसंच राहिलं, की त्याला ला निना म्हणतात. त्याचा परिणाम जगभरच्या वाऱ्यांवर होतो, यात वाद नाही. ला निनाच्या वर्षी वायव्य भारतात थंडीच्या लाटा काहीशा वाढू शकतात, हेही खरं. पण संदेश पुढे पाठवताना ‘वायव्य भारतात’ गळतं, ‘काहीशा’ गळतं, ‘शकतात’ही गळतं. उरतं ते थेट निफाडचं भाकीत, आणि त्याला कोणताही आधार नसतो.

नोंदी काय सांगतात ते पाहा. २०२० पासून सलग तीन हिवाळे ला निना होता. जागतिक हवामान संघटनेने त्याची या शतकातला पहिला तिहेरी ला निना अशी नोंद केली. त्यातला तिसरा हिवाळा संपताना आलेला फेब्रुवारी २०२३ हा कमाल तापमानाच्या सरासरीत देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ही नोंद भारतीय हवामान विभागाची आहे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात पुन्हा क्षीण ला निना आला, आणि फेब्रुवारी २०२५ सरासरी तापमानात पुन्हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला.

आता उलट बाजू. २०१८-१९ चा हिवाळा एल निनोचा होता. संदेशातलं तर्कशास्त्र लावलं तर तो उबदार जायला हवा होता. त्याच हिवाळ्यात, २९ डिसेंबर २०१८ रोजी, नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला. त्याच आठवड्यात निफाड दोन अंशांच्याही खाली गेलं आणि पुढच्या फेब्रुवारीत नाशिक चार अंशांपर्यंत उतरलं. फेब्रुवारी २००८ मध्ये ला निना आणि कडाका एकत्र आले होते, हेही मान्य करायला हवं. पण जुळलेलं एक वर्ष लक्षात ठेवायचं आणि न जुळलेली सगळी विसरायची, याला अंदाज म्हणत नाहीत.

मग हवामान विभाग हिवाळ्याचा अंदाज देतो, तो कशाचा? तो असतो डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या सरासरीचा, मोठ्या प्रदेशाचा, आणि संभाव्यतेच्या भाषेतला. किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता अधिक, असं त्यात म्हटलेलं असलं तरी त्या तीन महिन्यांत चार रात्री कडाक्याच्या येऊ शकतात. बागेचं नुकसान करायला तेवढ्या पुरतात. त्या कोणत्या रात्री असतील, हे हंगामी अंदाज सांगत नाही आणि तसा त्याचा दावाही नसतो.

निफाडची थंडी ठरते ती निफाडच्या वर. गोदावरी, कादवा आणि बाणगंगेच्या काठचा हा भाग सखल आहे. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला आणि उत्तरेकडून कोरडी हवा येत असली, की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली येऊन खोलगटात साचते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा अनेकदा नाशिक शहरापेक्षा खाली दिसतो, त्यामागे हे मोठं कारण आहे.

धुक्यासाठी एवढंच पुरत नाही, त्याला ओलावा लागतो. अवकाळी पाऊस होऊन गेलेला असतो, किंवा पूर्वेकडून दमट वारे आलेले असतात. त्यात भर पडते कालव्याच्या पाण्याची, ओल्या काळ्या जमिनीची आणि नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाची. अशा हवेत पारा थोडा उतरला तरी बाष्पाचे थेंब होतात. एकदा दाट धुकं तयार झालं की ते जमिनीची उष्णता अडवतं आणि पारा आणखी घसरायचा वेग मंदावतो. म्हणूनच सर्वांत थंड पहाट बहुधा कोरडी आणि लख्ख असते. धुकं दिसलं म्हणजे कडाका पडला, हे समीकरण चूक आहे.

हा फरक बागेत फार महत्त्वाचा आहे. पोंगा ते फुलोऱ्याच्या काळात धुकं पडलं, तर पानाच्या कडेला दवाचे थेंब सकाळी उशिरापर्यंत लटकून राहतात. पान असं तासन्‌तास ओलं राहिलं की वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग उमटतात, खाली पांढरी बुरशी धरते, आणि डावणी हा रोग घडापर्यंत पोचतो. कोरड्या कडाक्याचं दुखणं वेगळं. मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. पहिल्या संकटात बुरशीनाशकाची योग्य वेळ गाठावी लागते. दुसऱ्यात पहाटे ठिबक चालवावं लागतं, शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे बुरशीनाशक मारून काहीही साधत नाही. उलट निर्यातीच्या मालात त्याचे अंश सापडण्याचा धोका वाढतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते.’ पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वांत दूर जुलैत.

‘धुक्याने पीक करपतं.’ धुकं म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. पीक जातं ते ओल्या पानावर वाढणाऱ्या बुरशीमुळे.

‘शेकोटीच्या धुराने धुकं पांगतं.’ शेकोटीची ऊब जवळच्या वेलींना मिळते, पण धुराच्या कणांवर थेंब आणखी सहज धरतात. धुकं पांगवतात ते ऊन आणि वारा.

‘समोरचं धूसर दिसलं की धुकं.’ दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली तरच हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं.

‘पारा दहाच्या खाली गेला की थंडीची लाट.’ मैदानी भागात त्यासाठी किमान तापमान सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमीही असावं लागतं. पारा चार अंशांवर किंवा त्याखाली आला, तर मात्र ही अट लागत नाही.

‘मोबाइलवर दिसतं ते माझ्या बागेचं तापमान.’ तो आसपासच्या मोठ्या चौकोनासाठी काढलेला अंदाज असतो. तुमचा खोलगट त्याला दिसत नाही.

हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजासह. त्यात किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढग या चार गोष्टी पाहा. आर्द्रता जास्त आणि वारा शांत असेल तर दव-धुक्याची तयारी ठेवा. आकाश निरभ्र आणि उत्तरेचा कोरडा वारा असेल तर कडाक्याची. एक साधा किमान-कमाल तापमापक बागेतल्या सर्वांत सखल ओळीत टांगा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. दोन हिवाळ्यांत तुमच्या हाती जी नोंद येईल, तिचा उपयोग फवारणी ठरवताना प्रशांत महासागराच्या कोणत्याही बातमीपेक्षा जास्त होईल.