तळ्यात की मळ्यात?

सकाळचं वॉकिंग, संडेचं सायकलिंग आणि शेजारी पाणी. शहरातल्या माणसाला आणखी काय हवं? पण पवई तलावाभोवती हे सगळं एकत्र आणायला गेले आणि प्रकरण थेट हायकोर्टात पोचलं...

संडेला सकाळी पावणेसहाचा अलार्म. तो बंद करून पुन्हा पांघरुणात शिरायचं की शूज शोधायचे, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेलच. आठवडाभर एसीत बसून पाठीचा पार कणकेचा गोळा झालेला असतो. जिमची वर्षाची फी भरून झालेली असते आणि जिमचा रस्ता कधीच विसरलेला असतो. अशा वेळी पवई तलाव हा मस्त उपाय आहे. फुकट आहे, मेंबरशिप कार्ड लागत नाही आणि ट्रेडमिलसमोर असते तशी भिंतही इथे नसते.

मी चांदिवलीत राहायला आले तेव्हा रूममेटनं ओढत नेलं म्हणून पहिल्यांदा गेले. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर दिवसा जे काही चालतं ते तुम्हाला सांगायला नको. मेट्रोचे खांब, हॉर्न, धूर. पण सकाळी सहाला तोच रस्ता ओळखू येत नाही. तलावाच्या बाजूच्या फुटपाथवर कानात इयरफोन घातलेली आयटीवाली मंडळी, हात जोरजोरात हलवत चालणाऱ्या काकू आणि रिटायर झालेल्या आजोबांचा कंपू. कंपू चालतो कमी, बोलतो जास्त. पलीकडे झाडीत आयआयटी. मागे डोंगर. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि पाण्यावर ढग उतरतात. मग मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही.

सायकलवाल्यांचं टायमिंग आणखी आधीचं. ते साडेपाचला निघतात, तलाव गाठतात, तसेच पुढे आरेच्या झाडीत शिरतात आणि आठच्या आत घरी परततात. आठनंतर लिंक रोडवर सायकल काढणं म्हणजे जिवाशी खेळ. मी एकदा काढली होती. पुन्हा नाही काढणार. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा, एवढं तरी विसरू नका राव.

पण खरी मजा थांबण्यात आहे. पाच मिनिटं कठड्याला टेकून उभं राहा. हिरव्या पानांवरून लांब लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसेल. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा तर हमखास. खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा जातो. थंडीत काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी पाण्यावर पोहताना दिसले, तर ते वारकरी. खरंच, मराठीत त्या पक्ष्याला वारकरीच म्हणतात. मला हे नाव भयंकर आवडतं. माझं गाव मिरज-पंढरपूर रस्त्यावर आहे, त्यामुळे कपाळावर टिळा दिसला की आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

आणि हो, मगरी. विनोद नाही. पवई तलावात मगरी आहेत आणि चांगल्या मोठ्या आहेत. 2025 मध्ये तर एक मगर आयआयटीच्या आवारात रस्त्यावर फिरताना दिसली आणि तिचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. ऊन खायला त्या काठावर किंवा पाण्यातल्या उंचवट्यावर येतात. लांबून लाकडाचा ओंडका वाटतो. मग ओंडका तोंड उघडतो.

दहा किलोमीटरचं स्वप्न

आता मुद्द्याची गोष्ट. एवढा सुंदर तलाव, त्याला नीट फेरी मारता आली तर? हा विचार माझ्या डोक्यात आला तसाच मुंबई महापालिकेच्याही डोक्यात आला होता. तलावाभोवती साधारण दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायचा, असा प्लॅन होता. 2021 मध्ये काम सुरू झालं. ते झालं असतं तर आपण सगळे तिथे सेल्फी काढायला पहिल्या दिवशी हजर असतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

घोळ असा होता, की ट्रॅक नुसता तलावाच्या शेजारून जाणार नव्हता. काही ठिकाणी तो काठावर, पाण्याच्या हद्दीत भराव घालून पुढे सरकत होता. तारेच्या जाळीच्या मोठ्या पेट्या, त्यात दगड भरायचे, पेट्या एकावर एक रचायच्या आणि वर ट्रॅक. याला गॅबियन म्हणतात. घाटरस्त्यांवर दरड अडवायला अशा जाळ्या लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. महापालिकेचं म्हणणं होतं, की यात सिमेंट काँक्रीट नाही, दगडांमधून पाणी ये-जा करतं, त्यामुळे तलावाला धोका नाही.

आयआयटीत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र हे पटलं नाही. त्यांच्या खिडकीखालचाच तलाव तो! ते जनहित याचिका घेऊन हायकोर्टात गेले, ‘वनशक्ती’ ही संस्थाही गेली. कोर्टानं आधी काम थांबवलं. मग 6 मे 2022 ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठानं निकाल दिला. हा ट्रॅक पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत बसत नाही, बेकायदा आहे. झालेलं बांधकाम काढा आणि जागा होती तशी करा.

लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळलात ना? जमिनीवर रेघ, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा. ज्याची उडी चुकली तो आउट. इथे तेच झालं. फरक इतकाच, की खरी रेघ खडूनं मारलेली नसते. उन्हाळ्यात पाणी मागे जातं, काठ मोकळा पडतो आणि आपल्याला वाटतं, अरे, ही तर रिकामी जागा! पावसाळ्यात तीच जागा पुन्हा तळ्यात.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि ही बातमी वाचून खरं सांगायचं तर वैतागले होते. मुंबईत धड फुटपाथ नाहीत, सायकल चालवायला जागा नाही. कुणीतरी काहीतरी चांगलं करतंय तर त्यातही खोडा? माझ्या ग्रुपमध्येही दोन तट पडले. ‘मगरींना ट्रॅकचा काय त्रास?’ हा प्रश्न तर प्रत्येकानं विचारला.

उत्तर मिळालं ते पक्षी बघायला जाणाऱ्या एका मैत्रिणीकडून. तलाव म्हणजे मधलं खोल पाणी नव्हे, म्हणाली. सगळा संसार काठावर असतो. उथळ पाणी, चिखल, लव्हाळं. पाणकोंबड्या त्या गवतात घरटी करतात. मासे उथळ पाण्यात अंडी घालतात. मगरीची मादी तर काठावरच खड्डा खणून अंडी पुरते, उन्हाळ्याच्या तोंडाला, म्हणजे पावसाच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. तिथे दगडांची उभी भिंत रचली, की पाण्यातून जमिनीवर यायचा उतारच संपला. भिंतीतून पाणी झिरपेल हो, पण मगर कशी झिरपणार?

आमच्या गावचं तळं

मी मूळची कवठे महांकाळची. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे दुष्काळी पट्टा. आमच्याकडे ‘लेक व्ह्यू’ ही चैन नव्हती, तळ्यात पाणी आहे का हाच प्रश्न असायचा. 2012-13 मध्ये मी शाळेत होते. गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि आम्ही पोरं त्यात क्रिकेट खेळायचो. स्टंप रोवायला तेवढी जागा सापडायची नाही, जमीन इतकी टणक. संध्याकाळी टँकर आला की खेळ बंद, घागरी घेऊन पळा. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर. ती ट्रेन टीव्हीवर बघताना आमच्या घरात कुणी काही बोललं नव्हतं.

आता म्हैसाळ योजनेचं पाणी येतं. कृष्णेचं पाणी म्हैसाळजवळ उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि मिरज, कवठे महांकाळ, जतकडे न्यायचं, असा तो खटाटोप आहे. आवर्तन सुटलं की तलाव भरून घेतात, द्राक्षबागा तगतात. मागच्या दिवाळीत घरी गेले तर आमचा तो क्रिकेटचा तलाव भरलेला. बांधावरून चालायला गेले. रेलिंग नाही, बेंच नाही, पेव्हर ब्लॉकही नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती, म्हशी पाण्यात बसलेल्या, वर मावळतीचं आभाळ. इतका भारी वॉक मी वर्षभरात केला नव्हता. आबांना म्हटलं, इथे एखादा छान ट्रॅक केला पाहिजे. आबा म्हणाले, ‘कर की. बांधावर कर. तळ्याच्या पोटात पाय घालू नगंस म्हंजे झालं.’

आबांना हायकोर्टाचा निकाल माहीत नाही.

(त्या बाजूला जाणार असाल तर जाता जाता दंडोबाच्या डोंगरावर जरूर चढा. मिरजेहून आमच्याकडे येताना लागतो. वर देऊळ आहे, भोवती वन विभागाचं जंगल आहे आणि सायकलवाल्यांच्या पोटऱ्यांना हवा तेवढा चढ आहे.)

तळ्याकाठी चालायची हौस भागवायची तर आमच्या भागातल्या लोकांचं ठिकाण कोल्हापूर. रंकाळ्याचा काठ, शालिनी पॅलेसचा टॉवर, संध्यामठ आणि फेरी झाल्यावर चौपाटीवरची भेळ. जितक्या कॅलरी जाळल्या त्याच्या दुप्पट परत. सांडपाणी आणि जलपर्णीचा त्रास रंकाळ्यानंही भोगलाय. कधीकधी वास असा येतो, की फेरी आपोआप फास्ट होते.

पवईचं दुखणंही तेच आहे आणि ट्रॅकच्या गडबडीत ते मागे पडलं. हा तलाव 1891 मध्ये मुंबईला पाणी द्यायला बांधला. ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीत वापरायला जातं. तलाव लहान नाही, 545 कोटी लिटरचा आहे. दर पावसाळ्यात तो भरून वाहिल्याची बातमी येते, ते वाहणारं पाणी मिठी नदीत जातं. पण सांडपाणी आत येत राहिलं तर जलपर्णी वाढणारच. मशिननं कितीही काढा, ती पुन्हा येते, कारण तिचं खत आपणच पाठवतो. माझ्या मते पैसे खर्च करायचे तर आधी तिथे. आणि मग, तलावाच्या बाहेरच्या अंगानं, आहे तोच फुटपाथ रुंद आणि सलग केला तरी आपल्यासारख्यांचं काम भागतं. त्याला गॅबियन लागत नाही. रविवारी सकाळी तीन तास लिंक रोडची एक लेन सायकलींना दिली, तर मी हायकोर्टात जाऊन कुणाचंही अभिनंदन करायला तयार आहे.

तोपर्यंत आहे त्यात मजा आहे. पावसाचे चार महिने सोडून नका देऊ, तेव्हाच तलाव सगळ्यात देखणा असतो. फक्त शूज चांगल्या ग्रिपचे घाला. थंडीत दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर कंपूतल्या आजोबांकडे मागा. त्यांच्याकडे आहे आणि द्यायला त्यांना आवडतं. मगर बघायची असेल तर ऊन वर आल्यावर, पाण्याकडे नाही तर काठाकडे बघा. खाली उतरून जवळ जायचा मोह झाला तर तो आवरा. मासे, पाव वगैरे काही टाकू नका.

गेल्या रविवारी मला दिसली. आयआयटीच्या बाजूला, ओल्या मातीच्या उतारावर, तोंड उघडं टाकून. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी विचारलं, ‘खरी आहे का गं ती?’ आम्ही दोघी दहा मिनिटं बघत होतो. ती हलली नाही. मग काकू म्हणाल्या, माझे पाच हजार स्टेप्स राहिलेत, आणि निघून गेल्या.