अंगावरचे दूध की वरचे?



आईचे दूध म्हणजे बाळाचे अमृत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. त्याच दुधातून रोग बाळापर्यंत पोचू शकतो असे कोणी म्हटले, तर मन कचरते. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र ते खरे आहे. कसलाच औषधोपचार नसेल, तर गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान मिळून शंभरातील १५ ते ४५ बालकांना लागण होते. मग अशा आईने बाळाला पाजावे की न पाजावे?

पहिले उत्तर सरळ वाटले : पाजू नये, वरचे दूध द्यावे. आफ्रिकेतील बोट्सवाना देशाच्या सरकारने अशा मातांना दुधाची भुकटी फुकट पुरविली. हेतू चांगलाच होता. परंतु २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या आरंभी तेथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि हगवणीची साथ उसळली. शेकडो बालके दगावली. रुग्णालयात आणलेल्या तान्ह्यांत अंगावर न पिणारीच बहुसंख्य होती. एका रोगापासून राखलेले मूल दुसऱ्याने नेले!

त्यापूर्वीच, १९९९ साली, दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहराच्या एका अभ्यासाने निराळीच गोष्ट दाखविली होती. तिसऱ्या महिन्याअखेर, निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्या बालकांपैकी सुमारे शेकडा १५ बाधित आढळली. आईच्या दुधाबरोबर पाणी वा वरचे दूधही मिळालेल्यांपैकी सुमारे शेकडा २४. म्हणजे सर्वांत वाईट ती सरमिसळ. वरच्या अन्नाने तान्ह्याच्या आतड्याचे कोवळे अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असा यामागे वैद्यांचा तर्क आहे.

आता आपल्या घरांकडे पाहा. बाळ जन्मले की मध चाटवायचा, बाराव्या दिवसापासून गुटी उगाळायची, उन्हाळ्यात बोंडल्याने पाणी पाजायचे. हे सारे मायेने होते, आणि हीच ती सरमिसळ!

सुदैवाने आज औषधे आहेत. आपल्या देशात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म औषधे देण्याचे धोरण असून सरकारी केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. आईने ती नेमाने घेतली आणि रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके उतरले, तर दुधातून लागण होण्याचा धोका शेकडा एकाच्याही खाली जातो. तो शून्य होत नाही, हेही सांगितले पाहिजे. बाळालाही जन्मापासून काही आठवडे औषध देतात. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला तो असा : औषध नीट चालू असेल, तर सहा महिने निव्वळ आईचे दूध, पुढे वरच्या अन्नाच्या जोडीने किमान वर्षभर, आणि हवे तर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ पाजावे. कोणी एखादे दिवशी गुटी चाटविली, एवढ्यावरून पाजणे थांबवू नये. स्तनाग्राला चीर पडली वा गळू झाले, तर मात्र त्या बाजूचे दूध पिळून टाकावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तरीही एखादी आई वरचे दूध निवडील. तो तिचा अधिकार आहे. अशा वेळी समुपदेशकाने उपदेश करू नये, विचारपूस करावी. पाणी कोठून येते? रात्री दोनदा उठून ते उकळणार कोण? महिन्याकाठी डब्यांचा खर्च किती, आणि तो सहा महिने झेपेल काय? शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक : घरात कोणाला ठाऊक आहे? "सूनबाई, बाळाला पदराखाली का घेत नाहीस?" असे सासूबाईंनी विचारले, तर ती काय सांगणार? ज्या घरात या रोगाच्या नावानेच सून माहेरी धाडली जाते, तेथे दुधाचा डबाच तिचे गुपित फोडतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच : एकच उत्तर सर्व घरांना लागू पडत नाही. शास्त्राने धोका मोजून द्यावा, समुपदेशकाने घर समजून घ्यावे, निर्णय आईने करावा. आणि तो तडीस नेणे तिच्या एकटीच्या हाती नाही. पती, सासू, शेजारीण, म्हणजे या सभेत बसलेले आपण सर्व, तिला औषधाची वेळ निर्भयपणे पाळू देतो की नाही, यावर त्या बाळाचे भवितव्य अवलंबून आहे.