धर्माबादच्या शेजारची घूस, साहेबाच्या शब्दकोशात

मिरचीच्या बाजारासाठी नाव असलेलं धर्माबाद तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. इथे मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर पडतेच. पोती कुरतडणाऱ्या, बांध पोखरणाऱ्या घुशीला तेलुगूत ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. याच नावावरून इंग्रजांनी ‘बँडिकूट’ हा शब्द घडवला आणि तो पार ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन पोचला. त्याच्या या गमती.

डुक्कर अधिक उंदीर: ‘पंदि’ म्हणजे डुक्कर, ‘कोक्कु’ म्हणजे थोराड उंदीर. नाव अगदी चपखल आहे. घूस चिडली की पाठीवरचे राठ केस ताठ उभे करते आणि चक्क डुकरासारखी गुरगुरते. साहेबाच्या तोंडी ‘प’चा ‘ब’ झाला आणि ‘कोक्कु’चं ‘कूट’.

दौलताबादचा दाखला: हिंदुस्थानी बोलींतून इंग्रजीत शिरलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश 1886 साली निघाला. यूल आणि बर्नेल यांनी त्यात बँडिकूटचं मूळ तेलुगूच सांगितलंय आणि दाखला दिलाय तो आपल्या मराठवाड्यातला! 14व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता लिहून गेलाय, की देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, अंधारकोठड्यांतले उंदीर मांजरांहून मोठे असतात आणि मांजरंच त्यांना बघून पळ काढतात.

नाव एक, प्राणी दोन: ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रजांनी तिथल्या एका लांब नाकाच्या प्राण्यालाही बँडिकूटच म्हटलं. तो घुशीचा कुणीच नाही, नातं कांगारूशी. त्याच्या पोटाची पिशवी मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे जमीन उकरताना पिल्लांच्या अंगावर माती पडत नाही. काही जातींत गर्भ जेमतेम साडेबारा दिवस पोटात राहतो.

बटाटेचोरी: पाला जागच्या जागी ठेवून खालचे बटाटे हळूच उकरून न्यायचे, याला ऑस्ट्रेलियात ‘बँडिकूटिंग’ म्हणतात. वरून रान हिरवंगार, काढणीला गेलं की खाली ठणठणाट!

पडद्यावरची उडी: 1996 साली ‘क्रॅश बँडिकूट’ हा व्हिडिओ गेम आला आणि जगभरच्या पोरांनी हे नाव डोक्यावर घेतलं.

सगळ्यात मोलाचा अर्थ: 2018 साली केरळमधल्या जेनरोबोटिक्सच्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा रोबो आणला. त्याचं नाव बँडिकूट. कॅमेरा लावलेला त्याचा हात खाली उतरतो, गाळ उपसतो आणि कामगार वर उभा राहून त्याला चालवतो. गटारात उतरलेली किती माणसं विषारी वायूनं गुदमरून गेली आहेत. शेतकऱ्याच्या शिव्या खाणाऱ्या घुशीचं नाव आता माणसाचा जीव वाचवायच्या कामी आलंय. शब्दाचं याहून मोठं भाग्य कोणतं?