माशीला पाक चालतो, गूळ नाही!

सिंदखेडराजा-मेहकर रस्त्यावरच्या दुसरबीडचं नाव साखरेशी जोडलं गेलं ते इथल्या जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे. तिथलं गाळप थांबलं, पण साखरेचं एक चोखंदळ गिऱ्हाईक या भागात अजून आहे. पाय सहा, पंख चार आणि चहा वर्ज्य! बुलढाणा-जालना पट्ट्यात कांद्याचं बी पिकवणाऱ्यांना मधपेटीतल्या या माशीची गरज पडते. फुलोरा ओसरला आणि उन्हं तापली, की मात्र तिच्यापुढे खायला काय ठेवायचं हा मधपाळाचा प्रश्न होतो. उत्तर सोपं आहे: साखरेचा पाक. त्या पाकाच्या या काही गमती.

एक आणि एक दीड
एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवा. दोन लिटर पाक होईल असं वाटतं, पण भरतो जेमतेम 1.6 लिटर. साखर पाण्यापेक्षा जड, तिच्या किलोला लिटरभर जागा लागत नाही; भरलेल्या एसटीत चढणाऱ्या शेवटच्या प्रवाशासारखी ती थोडक्यात मावते. भांडं निवडताना हा हिशेब उपयोगी पडतो.

पातळ पाक पाळण्यासाठी, घट्ट पाक कोठारासाठी
साखर-पाणी सारखं घेतलं की पाक मकरंदाच्या जवळ जातो. बाहेर फुलं आली असावीत अशा समजुतीनं पेटीत लगबग सुरू होते आणि राणी अंडी घालायचा वेग वाढवते. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतलं, तर तो पाक साठवणीचा. पक्व मधात पाणी साधारण 20 टक्क्यांच्या आत असतं. म्हणजे पातळ पाकातलं जादा पाणी पंखांनी वारा घालून उडवायची मजुरी माशांनाच करावी लागते. घट्ट पाकात ती वाचते. पण दोनास एकच्या पुढे जाऊ नका, साधारण तापमानाला उरलेली साखर तळाशी बसून राहते.

तार बघू नका!
गुलाबजामची सवय इथे विसरायची. पाणी गरम करा, चुलीवरून उतरवा, मग साखर घालून ढवळा. पाक कढवला, करपवला तर त्यात एचएमएफ नावाचं संयुग वाढतं आणि ते माशांना बाधतं. लिंबू पिळणंही नको, आंबट पाकात ते अधिक तयार होतं. हलवाई लिंबू पिळतो ते पाकाची साखर होऊ नये म्हणून. आंबटपणानं साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. माशीच्या डोक्यातल्या ग्रंथी हेच काम इन्व्हर्टेज नावाच्या विकरानं करतात. हलवाई तिच्या डोक्यातच बसलेला आहे!

गूळ माणसाला, साखर माशीला
आपल्याला गूळ गुणकारी, पण माशीसाठी गणित उलटं. गुळातली खनिजं आणि मळी तिच्या पोटाला झेपत नाहीत, हगवण लागते. निरोगी कामकरी माशी पेटीत घाण करत नाही, बाहेर उडूनच पोट मोकळं करते. पावसाची झड लागली आणि पोट बिघडलं, तर या शिस्तीचे बारा वाजतात. म्हणून स्वच्छ पांढरी साखरच घ्या.

पंगत दिवेलागणीला
मधमाशीची नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगांत साखरपाण्याच्या बश्या मांडल्या होत्या. 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. खाणं दूर असेल तर माशी नाचून दिशा आणि अंतर सांगते. अगदी जवळ असेल तर नुसती गोल फिरते, म्हणजे ‘इथंच कुठंतरी आहे, शोधा!’ पाक पेटीबाहेर सांडला की हाच निरोप जातो, माशा शेजारच्या पेटीत घुसतात आणि लुटालूट होते. म्हणून पाक संध्याकाळी, पेटीच्या आत आणि थेंब न सांडता द्यायचा. वाटीत दोन-चार काड्या तरंगत ठेवायच्या, नाहीतर जेवायला आलेली पाहुणी बुडून मरते. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

कांद्याचा नखरा
कांद्याच्या फुलात परागकण आधी तयार होतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे परागीभवनाला माशी हवीच. आग्या, फुलोरी, सातेरी, कुणीही चालेल. पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम बरंच असतं आणि ते माशांना फारसं रुचत नाही. जवळ दुसरं चविष्ट फूल दिसलं की त्या तिकडे वळतात. काही शेतकरी मग फुलांवर गूळपाणी फवारतात. माशा येतातही, पण पानावर सांडलेला गोडवा चाटून परतल्या तर बी कुठून धरणार?

ऊस लपत नाही
फुलोऱ्यात पाक दिला तर तो मधाच्या कोठ्यांत जातो, आणि ती भेसळच. ती पकडून देतो खुद्द ऊस. हवेतला कार्बन बांधायची उसाची तऱ्हा बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे त्याच्या साखरेत जड कार्बन-13 थोडा जास्त सापडतो. प्रयोगशाळेत ही खूण दिसते. आपल्या अन्न सुरक्षा मानकांत अशा साखरेची मर्यादा 7 टक्के आहे. म्हणून फुलं आली की पाक बंद.

निळा मध
2012 मध्ये फ्रान्समधल्या रिबोव्हिले गावाजवळच्या पेट्यांत निळा-हिरवा मध निघाला. माशा बायोगॅस प्रकल्पातल्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांच्या कचऱ्यावर जाऊन आल्या होत्या. तो मध विकता आला नाही.

आता मे महिन्यात रसवंतीवर गेलात आणि चिपाडांच्या ढिगावर माशा घोंगावताना दिसल्या, तर फडकं उचलू नका. शिवारात फूल उरलेलं नाही, एवढंच त्या सांगत असतात. फेब्रुवारीत कांद्याचे गोंडे उमलतील, तेव्हा याच माशांची वाट पाहायची आहे.