‘हे नेऊन बघा’

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. वाचनालयांतून बाद झालेली पुस्तकं रद्दीच्या दुकानांतून उचलून आणायची माझी खोड तीस वर्षांची आहे, आणि त्या पुस्तकांत मला सगळ्यात वाचनीय वाटते ती मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. अशीच एका प्रवासवर्णनाची प्रत अंबरनाथला हाती लागली. आत वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, त्यावर आडवा ‘निर्लेखित’. चिठ्ठीवर आधीच्या कित्येक वर्षांत मिळून चार तारखा. मग एकाच पावसाळ्यात अकरा. पुढे चिठ्ठी कोरी.

लेखकाला पुरस्कार मिळाला नव्हता, पुस्तकावर सिनेमा निघाला नव्हता. मग अकरा जणांना त्याच पावसाळ्यात हे पुस्तक न्यावंसं का वाटलं? मला एकच उत्तर पटतं. देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या कुणीतरी ते वाचलं आणि समोर येईल त्याला ‘हे नेऊन बघा, नाही आवडलं तर उद्या परत आणा’ म्हणत राहिलं. पुढे ते माणूस तिथून गेलं आणि पुस्तक कपाटात पडून राहिलं.

कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना हे माणूस ओळखीचं आहे. संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून उतरायचं, भाजी घ्यायची आणि वाचनालय बंद व्हायच्या आत पुस्तक बदलायचं. कपाटं धुंडाळायला वेळ कुणाला? टेबलामागचा जे हातात देईल ते घ्यायचं. दिवाळी अंकांच्या योजनेत तर त्याचंच राज्य असतं. अंकांची चळत समोर ठेवून तो विचारतो, “कथा हव्यात की लेख? राशिभविष्य सगळ्यांत आहे.” चार प्रश्नांत तो वाचक ओळखतो. मराठी समीक्षेला हे अजून जमलेलं नाही, असं माझं मत आहे.

या जमातीचा मूळपुरुष शोधताना मी ठाण्याला पोचलो. विनायक लक्ष्मण भावे हे नाव ‘महाराष्ट्र सारस्वत’मुळे अभ्यासकांना माहीत असतं, पण ते आधी ग्रंथालयवाले होते, हे विसरलं जातं. 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं त्यात त्यांचा पुढाकार होता. तेव्हा त्यांनी विशी नुकतीच ओलांडली होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याआधीचं, 1864चं. पण फक्त मराठी पुस्तकं जमवायची, मिळेल ते मराठी छापील पान जपायचं, ही ठाण्याची जिद्द वेगळी होती. आणि हा गृहस्थ कोण, तर मिठाच्या धंद्यातला!

पुस्तकं जमवणारे पुष्कळ असतात. भाव्यांचं वेगळेपण असं की त्यांना जमवलेलं वाचून सांगितल्याशिवाय राहवत नसे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ पहिल्यांदा 1898-99च्या सुमारास ‘ग्रंथमाला’ मासिकातून आलं, तेव्हा तो आटोपशीर निबंध होता. मग जुन्या पोथ्या सापडत गेल्या. महानुभावांनी सांकेतिक लिप्यांत जपलेलं साहित्य हळूहळू उलगडलं आणि मराठीच्या आरंभकाळाचं चित्रच बदललं. भाव्यांनी आपलं जुनं सांगणं गिळलं नाही आणि कवटाळलंही नाही. 1919च्या आवृत्तीत त्यांनी ते मोडून, वाढवून नव्यानं मांडलं. काटेकोर इतिहासकारांना त्यांची रसाळ, मतं ठासून सांगणारी शैली खटकते. मला तीच आवडते. तो इतिहास टेबलापलीकडून बोलल्यासारखा वाटतो: हा कवी वाचाच, तो सावकाश वाचला तरी चालेल. पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी त्याला विद्वत्तापूर्ण पुरवणी जोडली. तिचं मोल मोठं आहे, पण कुणाच्या सांगण्यावरून मी पोथी शोधायला निघालो असं विचाराल तर ते भावेच.

त्याच वाटेवर पुढे शंकर गणेश दाते भेटतात. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. सूचीकार शिफारस करत नाही, नोंद करतो. पण जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही ते वाचा असं कोण सांगणार? भाव्यांची जीभ आणि दात्यांची वही, दोन्ही लागतात.

या दोघांचा वारसा बदलापुरात एका ठिकाणी आला. श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी आणि जुन्या नियतकालिकांसाठी ओळखलं जातं. मुंबई-पुण्याचे संशोधक बदलापूरची गाडी पकडतात ही उलटी गंगा त्यामुळे वाहू लागली. मला त्याचं नावच मोठं वाटतं. ‘संग्रहालय’ म्हटलं की वस्तू आली, ‘सखा’ म्हटलं की बोलणं आलं.

हे बोलणं सरकारी कागदावर कुठेच नसतं. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन तर ग्रंथपालांना तोंडपाठ असतात. हे रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सामसूम बघून इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले होते. पुढे त्यांच्याच धडपडीतून 1948चा मद्रासचा ग्रंथालय कायदा आला आणि त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकराची सोय झाली. महाराष्ट्रानं 1967 साली कायदा केला, पण उपकर वगळला. उरलं ते अनुदान. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30 हजार मिळत. 2022 साली 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48 हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात सेवकाचा पगार, विजेचं बिल, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. तपासणीला येणारा अधिकारी दाखलनोंद रजिस्टर बघतो, सभासद मोजतो. सेवकानं गेल्या महिन्यात काय वाचलं हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. तरी तो वाचतो. त्याला आपण ‘आवड’ म्हणून मोकळे होतो.

अंबरनाथच्या अलीकडे उल्हासनगरला मामला आणखी अवघड आहे. फाळणीनंतर लष्कराच्या कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधी भाषा कुठल्या लिपीत लिहायची यावर पुढे जोरात वाद झाला. सरकारनं आधी देवनागरीचा आदेश काढला, विरोध झाल्यावर अरबी वळणाची लिपीही मान्य केली. मोठ्यांचं समाधान झालं. पण कॅम्पातल्या कितीतरी नातवंडांना आजोबांचं पुस्तक घरात असूनही वाचता येईना. अशा घरात ‘हे नेऊन बघा’ म्हणून भागत नाही, पुस्तक वाचूनच दाखवावं लागतं. शिफारस करणारा तिथे पूलच होतो. या वादावर लेख पुष्कळ निघाले. आजोबांना नातवाशेजारी बसवून वाचायला लावणारं वाचनालय मात्र त्याहून गरजेचं होतं, असं मला वाटतं.

बाहेरच्या जगानं या सांगण्याची किंमत ओळखली आहे. जपानात 2004पासून पुस्तकांच्या दुकानांतले कर्मचारी मतं देऊन एक पुरस्कार ठरवतात. अमेरिकेत 2013पासून ग्रंथालयांतले लोक आवडलेल्या नव्या पुस्तकांची यादी दर महिन्याला काढतात. सिअॅटलच्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंची तर 2003 साली खेळण्यातली बाहुली निघाली. त्यांचा पन्नास पानांचा नियम मला फार आवडतो. कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्या, नाही रमलात तर सोडा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या.

मी साठीचा, म्हणजे माझी पानं चाळीस. अंबरनाथला मिळालेलं ते प्रवासवर्णन चाळिसाव्या पानापर्यंत अगदी रटाळ होतं. वेळापत्रकं, हॉटेलांची बिलं, बोट लागल्याच्या तक्रारी. नियमानं मिटायला हवं होतं. पण मागच्या चिठ्ठीवरच्या अकरा तारखा आठवल्या. सांगणाऱ्यानं काहीतरी बघूनच सांगितलं असणार, म्हणून पुढे गेलो. सत्तराव्या पानाच्या आसपास लेखक वाट चुकतो आणि तिथून पुस्तक जे उठतं ते शेवटपर्यंत बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका मुलानं माझ्या हातातल्या पुस्तकात डोकावून ‘चांगलं आहे का?’ असं विचारलं. पहिली सत्तर पानं सोडून द्या म्हटलं, चिठ्ठीवर पेनानं त्या दिवसाची तारीख घातली आणि ‘निर्लेखित’चा शिक्का असलेलं ते पुस्तक त्याला देऊन टाकलं.