ओळखीच्या शब्दांचा चकवा

परदेशी निघालेला माणूस सावध असतो. शेजारच्या मुलखात जाणारा सहसा बेसावध. सुरतेनजीक, उधना व सचिन या स्थानकांच्या दरम्यान भेस्तान आहे. जळगाव-उधना लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे या परिसरात पुष्कळ. त्यांपैकी एका घरी मी काही दिवस राहिलो. परक्या शब्दापेक्षा ओळखीचा शब्दच प्रवाशाला अधिक चकवतो, हे तेथे ध्यानात आले. गुजराती ‘भाखरी’ गव्हाची, मोहन घातलेली, कडक; ज्वारी-बाजरीची हवी तर ‘रोटलो’ म्हणावे लागते. आपली भाकरी मनात धरून भाखरी खाणारा निष्कारण यजमानिणीच्या हाताला नावे ठेवतो! निरोपाचेही तसेच. आपल्याकडे निघणारा ‘येतो’ म्हणतो. तेथे जाणारा व निरोप देणारा, दोघेही ‘आवजो’ म्हणतात. पाहुण्यानेच यजमानाला ‘या’ म्हणावे, हे मराठी कानाला आगाऊपणाचे वाटते. वस्तुतः त्यात पुन्हा भेटीची इच्छा असते. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेस शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापिली. एकमेकांच्या बोलीशी जुळवून घेतल्यावाचून असे काम उभे राहत नाही. माझ्या यजमानांच्या आई कळण्याची भाकरी थापीत, शेजारणीकडे ती ‘रोटलो’ म्हणूनच पाठवीत. आणि मी निघालो तेव्हा मलाही त्या ‘आवजो’ म्हणाल्या.